शेवट माहीत आहे, तरी पुस्तकं वाचावीत का?

पत्र : ‘गेम ऑफ थ्रोन्स’ मी दोनदा पाहिली. शेवटच्या दोन सीझननी चिडचिड झाली, तरी डोक्यातून जात नाही. मूळ पुस्तकं वाचायची फार इच्छा आहे. यजमान म्हणतात, शेवट ठाऊक असलेली हजारो पानं वाचतं कोण? ऑफिसातला एक सहकारी म्हणतो, पहिली तीन पुस्तकं मालिकेत जशीच्या तशी आली आहेत, थेट चौथ्यापासून सुरू करा. माझी शाळा मराठी माध्यमाची. ऑफिसात दिवसभर इंग्रजीच असतं, पण इंग्रजी कादंबऱ्या दोन-चारच्या वर वाचलेल्या नाहीत. झेपेल का? कोथरूड ते हिंजवडी जाण्यायेण्यात बराच वेळ जातो, तो वापरता येईल का? आणि नववीतला मुलगा म्हणतो, ‘आई, तुझं झालं की मी वाचणार.’ त्याला द्यावीत का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : वाचा. पण पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या पानापासून वाचा, आणि शेवट कळावा म्हणून वाचू नका. या दोन अटी सोडल्या की चौथ्या पुस्तकात कुठेतरी बुकमार्क अडकतो आणि वर्षभर तिथेच राहतो. तुम्ही मालिका पाहिली आहे, म्हणून तिच्यातल्या घटनांबद्दल इथे मोकळेपणाने लिहिलं आहे. जे फक्त पुस्तकात आहे त्यातलं मोठं काही फोडलेलं नाही.

आधी यजमानांचं. पुस्तकांचा शेवट त्यांना ठाऊक असणं शक्य नाही, कारण तो अजून छापलेलाच नाही. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या मालेतलं पहिलं पुस्तक, ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’, १९९६ मध्ये आलं. मग १९९८ मध्ये ‘अ क्लॅश ऑफ किंग्ज’, २००० मध्ये ‘अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्‌स’. इथवर सगळं वेळेवर होतं. पुढे ‘अ फीस्ट फॉर क्रोज’ला २००५ उजाडलं आणि पाचवं ‘अ डान्स विथ ड्रॅगन्स’ जुलै २०११ मध्ये आलं, तोवर मालिकेचा पहिला सीझन संपला होता. माला सात पुस्तकांची ठरली आहे. सहाव्या आणि सातव्याची नावं जाहीर आहेत, पुस्तकं नाहीत. मालिका मात्र पुढे चालत राहिली आणि २०१६ च्या सहाव्या सीझनपासून पुस्तकांना मागे टाकून गेली. तुम्हाला खटकलेले शेवटचे दोन सीझन, म्हणजे १३ भाग, छापून आलेल्या कुठल्याही कादंबरीवर बेतलेले नाहीत. तेव्हा शेवटाचा राग पुस्तकांवर काढू नका, आणि पुस्तकं तो राग शांत करतील अशी आशाही धरू नका. पाचवं पुस्तक बऱ्याच जणांना ऐन कड्यावर सोडून संपतं.

मग वाचायचं कशासाठी? मालिकेत कॅमेरा कुणाकडेही वळू शकतो. पुस्तकात प्रत्येक प्रकरण एकाच माणसाच्या डोक्यात बसून लिहिलेलं आहे आणि बहुतेक वेळा त्या माणसाचं नाव हेच प्रकरणाचं नाव. पहिल्या पुस्तकात अशी आठ माणसं आहेत : ब्रॅन, कॅटलिन, डेनेरिस, एडार्ड म्हणजे आपला नेड, जॉन, आर्या, टिरियन आणि सान्सा. त्या माणसाला जे दिसत नाही ते वाचणाऱ्यालाही दिसत नाही. त्याचा गैरसमज तो आपला गैरसमज.

नेडचीच प्रकरणं घ्या. मालिकेत तो गंभीर चेहऱ्याने बसलेला दिसतो आणि तो काय विचार करतोय याचा अंदाज आपण बांधतो. पुस्तकात लिआनाला, मरणाऱ्या बहिणीला, दिलेलं वचन त्याच्या मनात पुन्हा पुन्हा वर येतं, आणि ते वचन नेमकं कसलं हे तो मनातल्या मनातसुद्धा पुरतं उच्चारत नाही. पाय मोडल्यावर अफूच्या गुंगीत त्याला एका मनोऱ्याचं स्वप्न पडतं. मालिकेने सहाव्या सीझनमध्ये दाखवलेला मनोरा तो हाच. पुस्तकात तो वीस वर्षं आधीच येऊन गेला होता. जॉन कुणाचा मुलगा हे तुम्हाला ठाऊक आहे. ते ठाऊक ठेवून नेडची प्रकरणं वाचणं हा या मालेतला फार मोठा आनंद आहे, आणि १९९६ साली पुस्तक उघडणाऱ्याला तो मिळणं शक्य नव्हतं. म्हणजे यजमान ज्याला तोटा म्हणतात तो इथे चक्क नफा आहे.

जेमी लॅनिस्टरला पहिल्या दोन पुस्तकांत स्वतःचं एकही प्रकरण नाही. ब्रॅनला खिडकीतून ढकलणारा माणूस म्हणून तो समोर येतो आणि दीड हजार पानं आपण त्याच्याकडे इतरांच्या नजरेतून बघत राहतो. तिसऱ्या पुस्तकात एकदम त्याच्या डोक्यात प्रवेश मिळतो आणि आपलं मत किती उसनं होतं ते कळतं. सर्सीचं डोकं त्याहून उशिरा, चौथ्या पुस्तकात उघडतं. आपण बापासारख्या धूर्त आहोत अशी तिची खात्री आणि प्रत्यक्षात तिने एकामागून एक घातलेले घोळ, हे दोन्ही एकाच वाक्यात दिसत राहतं. मालिकेतली सर्सी थंड डोक्याची आहे, पुस्तकातली तशी नाही, आणि पुस्तकातली जास्त करमणूक करते. रॉब स्टार्कला तर एकही प्रकरण नाही. तो राजा होतो, लढाया जिंकतो, प्रेमात पडतो, आणि यातलं बरंचसं आपल्याला त्याच्या आईच्या प्रकरणांतून कळतं. त्याचं लग्न पानाबाहेर होतं आणि बायको मालिकेतली टलिसा नव्हे, वेगळीच मुलगी आहे.

आणखी एक बारीक गंमत. ब्लॅकवॉटरच्या लढाईच्या रात्री हाउंड सान्साच्या खोलीत येतो. पुढच्या पुस्तकांत तिला आठवतं की त्याने आपलं चुंबन घेतलं होतं. मागे जाऊन ते प्रकरण काढून बघा, तसं काही घडलेलंच नाही. ही लेखकाची चूक नव्हे, त्याने मुद्दाम ठेवलेला तिच्या आठवणीतला घोळ आहे. असली गोष्ट पडद्यावर दाखवणं जवळजवळ अशक्य.

आता तुमचे सहकारी. पहिल्या सीझनपुरतं त्यांचं म्हणणं बरोबर आहे. दहा भागांत पहिलं पुस्तक बऱ्यापैकी इमानाने आलं आहे. वयं मात्र वाढवली आहेत : पुस्तकात जॉन आणि रॉब १४ वर्षांचे, डेनेरिस १३ ची, सान्सा ११ ची, आर्या ९ ची आणि ब्रॅन ७ वर्षांचा. लढायांना कात्री लागली आहे. मालिकेत पहिल्या मोठ्या लढाईआधी टिरियनच्या डोक्यावर आघात होतो आणि तो शुद्धीवर येतो तेव्हा सगळं आटोपलेलं असतं. पुस्तकात तो ती लढाई आघाडीवर राहून लढतो.

दुसऱ्या पुस्तकापासून अंतर वाढू लागतं. मालिकेतली ब्लॅकवॉटरची लढाई म्हणजे हिरव्या आगीचा स्फोट. तो भाग स्वतः मार्टिन यांनी लिहिला होता, तरी पुस्तकातली मुख्य युक्ती त्यात नाही. पुस्तकात टिरियन शहरातल्या लोहारांना कामाला लावून एक अजस्र साखळी ओतून घेतो. कशासाठी ते वाचणाऱ्याला बराच काळ कळत नाही. शत्रूची जहाजं नदीत शिरल्यावर ती साखळी मुखाशी ओढून वर घेतली जाते आणि आग लागलेल्या आरमाराला बाहेर पडायला वाट उरत नाही. हे सगळं डाव्होस जहाजावरून, टिरियन तटावरून आणि सान्सा किल्ल्यात कोंडलेल्या बायकांमधून सांगते. त्या लढाईत टिरियनच्या चेहऱ्यावर ओरखडा नव्हे, नाकाचा मोठा भागच जातो. डेनेरिसला मायावी घरात दिसणारी दृश्यंही पुस्तकात कितीतरी जास्त आहेत, आणि त्यातली काही पुढच्या खंडांची किल्ली आहेत. चौथ्या-पाचव्या पुस्तकापर्यंत तर मालिकेने मुळात न घेतलेली मोठी पात्रं आणि कारस्थानं उभी राहिलेली असतात, आणि मालिकेत मेलेली काही माणसं पुस्तकात खुशाल जिवंत असतात.

म्हणूनच चौथ्यापासून सुरुवात करणं ही सर्वांत वाईट युक्ती आहे. त्या पुस्तकात जॉन, टिरियन आणि डेनेरिस यांचं एकही प्रकरण नाही. आयर्न आयलंड्‌स आणि डॉर्नमधली नवी माणसं पुढे येतात. त्यातल्या बऱ्याच प्रकरणांना पात्राचं नावही नाही. ‘प्रेषित’, ‘रक्षकांचा कप्तान’ अशा अर्थाच्या पदव्या आहेत, आणि हा कोण ते दोन पानं वाचल्यावर कळतं. पाचव्यात थिऑनचं पहिलं प्रकरण ‘रीक’ या नावाने येतं. मालिकेच्या आठवणीवर विसंबून इथे शिरणारा वाचक पन्नास पानांत हरवतो.

इंग्रजीची भीती तुम्हाला वाटते तेवढी धरायचं कारण नाही. मार्टिन यांची वाक्यरचना सरळ आहे. अडतात ती नावं आणि जुन्या काळच्या वस्तू. घोड्यांचेच तीन-चार प्रकार आहेत : डेस्ट्रिअर म्हणजे लढाईचा घोडा, पॅल्फ्री म्हणजे प्रवासाला बसायचा, गॅरन म्हणजे डोंगरी तट्टू. क्रेव्हन म्हणजे भित्रा, जेप म्हणजे थट्टा, ममर म्हणजे सोंगाड्या नट, सेलस्वोर्ड म्हणजे भाडोत्री तलवारबाज. असे चाळीस-पन्नास शब्द एकदा पाठ झाले की पाचही पुस्तकं तेवढ्यावर निभावतात. अनौरस मुलांची आडनावं प्रांतावरून पडतात, हेही सुरुवातीलाच लक्षात ठेवा : उत्तरेत स्नो, नद्यांच्या मुलखात रिव्हर्स, डॉर्नमध्ये सँड, व्हेलमध्ये स्टोन. आडनाव वाचलं की माणूस कुठला आणि त्याची प्रतिष्ठा किती, दोन्ही समजतं.

आणि इथेच पहिलं पुस्तक कामाला येतं. ते मालिकेच्या सर्वांत जवळचं आहे, म्हणूनच ते टाळू नका. प्रसंग डोळ्यांसमोर असल्यामुळे एखादा शब्द अडला तरी काय चाललंय ते सुटत नाही. एरवी इंग्रजी कादंबरीत शंभर पानांनंतर येणारा वेग तुम्हाला तीस पानांत मिळेल. पहिलं वगळणं म्हणजे पोहायला शिकताना उथळ भाग सोडून थेट खोलात उतरणं.

विकत घेण्याआधी एक चाचणी करा. प्रस्तावनेचं प्रकरण आणि त्यापुढची आठ प्रकरणं, साधारण ऐंशी पानं, वाचा. आठवं प्रकरण ब्रॅनचं आहे आणि ते खिडकीतून पडण्यापाशी संपतं, जिथे मालिकेचा पहिला भाग संपतो. ई-पुस्तकाचा नमुना फुकट उतरवता येतो, त्यात यातला बराच मजकूर मिळून जातो. शब्दकोश उघडावासा वाटला तरी दर पानाला एकदाच उघडा. ज्या शब्दावाचून वाक्य पुढे सरकत नाही तेवढाच बघा. ऐंशी पानं संपल्यावर पुढचं प्रकरण कुणाचं ते बघायला हात आपोआप पान उलटत असेल, तर झेपतंय. आणि दर प्रकरणाला घड्याळाकडे लक्ष जात असेल, तर आधी ‘अ नाइट ऑफ द सेव्हन किंगडम्स’ वाचा. मुख्य कथेच्या साधारण नव्वद वर्षं आधीच्या तीन छोट्या कादंबरिका त्यात आहेत. पहिली शंभर-सव्वाशे पानांची आहे. एकच नायक, एकच स्पर्धा, सरळ काळ. ती पचली की मोठ्या पुस्तकाकडे परत या.

वेळेचा हिशेब मांडूनच सुरुवात केलेली बरी. पहिलं पुस्तक सुमारे ३ लाख शब्दांचं आहे, पाचही मिळून साधारण साडेसतरा लाख. इंग्रजीत तुमचा वेग मिनिटाला २०० शब्द धरला तर पहिल्याला २५ तास आणि पाचांना मिळून दीडशेच्या आतबाहेर तास लागतात. रोज पाऊण तास दिला तर पहिलं पुस्तक पाच आठवड्यांत आणि सगळी माला सहा-सात महिन्यांत होते. सुरुवातीला वेग दीडशेच असेल, त्याची काळजी नको. रोजचं माप पानांत धरू नका, प्रकरणांत धरा. पहिल्या पुस्तकात प्रकरण सरासरी ४,००० शब्दांचं, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटांचं आहे. पाचव्यात ते पावणेसहा हजारांवर जातं. मधेच थांबलात तर दुसऱ्या दिवशी कुणाच्या डोक्यात होतो तेच आठवत नाही आणि मागची चार पानं पुन्हा वाचावी लागतात. एक प्रकरण, किंवा दोन, दीड नको.

प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी घराण्यांची यादी आहे. तिचा उपयोग करा, पण एक खबरदारी घ्या : ती यादी त्या पुस्तकाच्या सुरुवातीची परिस्थिती सांगते. दुसऱ्या पुस्तकाची यादी चाळली की पहिल्यात कोण मेलं ते लगेच कळतं. तुम्हाला त्याचं काही वाटणार नाही, मुलाला वाटेल. यादीत शेकडो नावं आहेत, सगळी लक्षात ठेवायच्या फंदात पडू नका. वहीच्या एका पानावर घराणं, गड, निशाण आणि प्रमुख एवढं लिहा. आठ-नऊ घराणी पुरतात. नाव अडलं म्हणून इंटरनेटवर शोधू मात्र नका. पात्राचं नाव टाकलं की पहिल्याच ओळीत मालिकेतलं आणि पुस्तकातलं भवितव्य एकत्र कालवून समोर येतं, आणि मालिकेने न दाखवलेली मोठी वळणं तिथेच वाया जातात.

प्रवासाचं. ऑफिसची बस चांदणी चौकातून वाकडकडे लागली की वाचता येतं, पण आठशेच्या पुढच्या पानांचं पुस्तक एका हातात धरून नव्हे. बसायला हमखास जागा मिळत असेल आणि चालत्या गाडीत वाचून मळमळत नसेल तरच कागदी प्रत पिशवीत टाका, नाहीतर ई-रीडर. त्यात अक्षर मोठं करता येतं आणि शब्दावर बोट ठेवलं की अर्थ येतो. नकाशे मात्र ई-रीडरवर नीट वाचता येत नाहीत, त्यांचा फोटो फोनमध्ये वेगळा ठेवा.

ऑडिओबुक हाही मार्ग आहे. पाचही पुस्तकं ब्रिटिश नट रॉय डोट्रिस यांनी वाचली आहेत. पहिल्यात त्यांनी २२४ पात्रांना वेगवेगळे आवाज दिले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. पहिलं पुस्तक ऐकायला जवळजवळ ३४ तास लागतात. पण पहिल्यांदाच, तेही फक्त कानाने, हे पुस्तक घेऊ नका. नावं डोळ्यांखालून गेलेली नसतात, वाकडच्या पुलाखाली हॉर्नमध्ये एक वाक्य बुडालं तर कोण कुणाशी बोलतंय तेच हरवतं, आणि शेवटच्या दोन पुस्तकांत डोट्रिस यांनी काही पात्रांचे आवाज आणि उच्चार बदलले आहेत. रात्री प्रकरण वाचा आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये तेच ऐका. यात वेळ जास्त जातो, पण इंग्रजी कानात बसवायचा याहून चांगला उपाय नाही.

खरेदीत एक सापळा आहे, तो नीट समजून घ्या. आपल्याकडे बहुधा हार्परव्हॉयेजरची ब्रिटिश आवृत्ती मिळते. तिच्यात तिसरं आणि पाचवं पुस्तक प्रत्येकी दोन भागांत बांधलेलं आहे. तिसऱ्याचे भाग ‘स्टील अँड स्नो’ आणि ‘ब्लड अँड गोल्ड’. पाचव्याचे ‘ड्रीम्स अँड डस्ट’ आणि ‘आफ्टर द फीस्ट’. म्हणून पाच पुस्तकांच्या संचात सात खंड दिसतात आणि लोकांना वाटतं, सातही पुस्तकं आली, माला पूर्ण झाली. याहून वाईट म्हणजे सुटं घेताना ‘अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्‌स’ नाव बघून एकच भाग घरी येतो. रेड वेडिंग दुसऱ्या भागात आहे, एवढं सांगितलं की पुरे. जुनी पुस्तकं घेताना तर हे तपासाच, कारण विकणाऱ्याकडे बऱ्याचदा एकच भाग असतो.

अप्पा बळवंत चौकात मुख्य जोर पाठ्यपुस्तकांवर आणि मराठीवर. इंग्रजी फँटसीसाठी डेक्कन, फर्ग्युसन रस्ता किंवा कॅम्पातली दुकानं बघा. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो, तिथेही चक्कर मारा. फुटपाथवर फारच स्वस्त मिळणारी प्रत बहुतेक वेळा चोरून छापलेली असते. ती तत्त्वासाठी टाळाच, पण व्यवहारासाठीही टाळा : नकाशे काळे फासल्यासारखे, अक्षर पुसट, आणि मधली सोळा-बत्तीस पानं गायब. या पुस्तकात प्रकरणांना क्रमांक नसतात, नुसती नावं असतात. त्यामुळे पानं गळली तरी चटकन कळत नाही. घेतानाच पानांचे आकडे दहा-बारा ठिकाणी ताडून बघा. वाचनालयाची वर्गणी हा स्वस्त मार्ग आहे, फक्त परत करायची मुदत आधी विचारा. पंधरा दिवसांत हे पुस्तक होत नाही.

संच एकदम घेऊ नका. पहिलं घ्या, मग दुसरं, मग तिसऱ्याचे दोन्ही भाग एकत्र. या तीन पुस्तकांचं एक आवर्तन पूर्ण होतं. तिथे थांबलात तरी हातात काही अर्धवट राहिल्यासारखं वाटत नाही. माझ्या मते मालेतलं सर्वांत चांगलं पुस्तक तिसरंच आहे. मालिकेला त्यासाठी तिसरा आणि चौथा असे दोन सीझन लागले.

चौथ्या आणि पाचव्याची अडचण वेगळी आहे. तिसऱ्यानंतर कथेत पाच वर्षांची उडी मारायचा मार्टिन यांचा बेत होता. तो फसला, मजकूर वाढत गेला, आणि शेवटी त्यांनी एकच काळ प्रदेशानुसार दोन पुस्तकांत वाटला. दक्षिणेकडचे आणि नद्यांच्या मुलखातले चौथ्यात, उत्तरेच्या बर्फाच्या भिंतीवरचे आणि समुद्रापलीकडचे पाचव्यात. पाचव्याचा पहिला मोठा भाग चौथ्याच्याच वेळी घडतो. हे ठाऊक नसलेला वाचक ‘हे तर होऊन गेलं होतं’ म्हणून चक्रावतो. दोन्ही पुस्तकांची प्रकरणं एकमेकांत मिसळून वाचायचे क्रम चाहत्यांनी तयार केले आहेत. पहिल्या वाचनात त्यांच्या नादी लागू नका. तीन जाड खंड शेजारी उघडे ठेवून पानं शोधत बसावं लागतं. छापलेल्या क्रमानेच जा. चौथं पुस्तक संथ आहे, अनेकांना कंटाळवाणं वाटतं. पण युद्धानंतर उजाड झालेल्या मुलखातून ब्रिएन हिंडते ती प्रकरणं घाई न करता वाचा. तिला भेटलेला एक भटका धर्मगुरू लढाईतून पळालेल्या खेडुतांबद्दल दीड-दोन पानं बोलतो, ते वाचल्यावर मालिकेतल्या सगळ्या लढाया वेगळ्या दिसतात.

पुस्तक संपेपर्यंत तो सीझन पुन्हा लावू नका. सोबत बघितलं की वाचताना चेहरे आणि संवाद मालिकेचेच येत राहतात. पुस्तक संपवून मग बघा. काय वगळलं आणि का, हे ताडून बघण्यात वेगळीच मजा आहे.

‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ ही पूर्वकथेची मालिका आवडली म्हणून ‘फायर अँड ब्लड’ घ्यावं का, हा प्रश्न पुढे तुम्हाला पडेलच. २०१८ चं हे पुस्तक कादंबरी नव्हे, एका काल्पनिक पंडिताने लिहिलेला इतिहास आहे. एकाच प्रसंगाच्या दोन-तीन साक्षी, त्याही परस्परविरोधी, आणि त्यातला एक साक्षीदार दरबारचा विदूषक. बखरी वाचायची सवय असेल तर रंगाल. संवाद आणि प्रसंग हवे असतील तर हाती काही लागणार नाही. मालिकेतली कथा पुस्तकाच्या मध्यापासून, वारसाच्या प्रश्नापासून सुरू होते.

मुलाला सध्या देऊ नका. जॉन पुस्तकात त्याच्याच वयाचा आहे, त्यामुळे त्याला ओढ वाटणं साहजिक आहे, पण डेनेरिसचं लग्न १३ व्या वर्षी होतं आणि पुस्तक ते आडपडदा न ठेवता सांगतं. बलात्कार आणि छळ यांची वर्णनं मालिकेइतकी, काही ठिकाणी त्याहून जास्त उघडी आहेत. मालिकेत नजर फिरवता येते, पुस्तकात वाचून झाल्यावरच कळतं. त्याला वर सांगितलेल्या तीन कादंबरिका द्या. त्यांतही द्वंद्व, मृत्यू आणि रांगडी थट्टा आहे, पण वर्णनं एवढी अंगावर येत नाहीत, आणि नायकाचा सोबती अंड्यासारखं टक्कल केलेला एक चलाख पोरगा आहे. मोठ्या पुस्तकांचं सोळा-सतराव्या वर्षी बघू म्हणावं. तोवर तुमचं पहिलं पुस्तक वाचून झालेलं असेल. कुठल्या प्रकरणात काय आहे हे पक्कं ठाऊक असताना तो निर्णय घेणं सोपं जाईल.